खिशातला फ्यूज

१

मास्तर मेले ते ठेकेदाराच्या फुकटच्या गिझरखाली, आणि गावाला त्यांच्या मरणापेक्षा त्या गिझरचंच जास्त नवल वाटलं.

वाटणारच. मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला, आणि मग लोकांनीच आग्रहानं नगरपालिकेत निवडून पाठवलेला माणूस. सभेला जाताना स्वतःचा चहा थर्मासमधून नेणारा. दिवाबत्ती समितीत बसून दर बैठकीत एकच प्रश्न विचारणारा, "आमच्या गल्लीतले दिवे मिणमिणतात का?" दिवाबत्तीच्या ठेकेदाराला मुदतवाढ द्यायची की नाही, याचं मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. मास्तर विरोधात मत देणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि हा माणूस त्याच ठेकेदाराकडून आलेला कोरा करकरीत गिझर लावून न्हायला गेला आणि शॉक बसून मेला!

"सगळे एकाच माळेचे मणी," लोक म्हणाले. काही जण तर हे अशा सुरात म्हणाले, की त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. रोज आरसा दाखवणाऱ्याच्याच तोंडाला काळं लागलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं. माणसाची जातच तशी, काय करणार!

ठाण्यात प्रकरण जवळपास मिटलंच होतं. अपघाती मृत्यू, सही, शिक्का. फौजदारबाईंनी पेन उचललं, तेवढ्यात मास्तरांची मुलगी आत आली. ती परगावच्या इस्पितळात नर्स होती. रडून रडून डोळे सुजलेले, पण आवाज पक्का. तिनं हातातलं कपड्यांचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"बाबांच्या अंगावरचे कपडे. इस्पितळातून आज मिळाले."

"मग?"

मुलीनं सदऱ्याच्या खिशातून एक वस्तू काढून फौजदारबाईंच्या पुढ्यात ठेवली. पांढरा चिनीमातीचा, तांब्याची तार ओवलेला फ्यूज.

"हा आमच्या घरचा मेन फ्यूज, बाई. विजेच्या कशालाही हात लावायचा तर बाबा आधी हा उपसून खिशात घालायचे. साधा होल्डर बदलायचा असला तरी. 'फ्यूज खिशात, तर वीज घराबाहेर,' हे त्यांचं वाक्य. शाळेतली किती पोरं हे घोकून मोठी झाली."

फौजदारबाईंनी फ्यूज हातात घेऊन उलटासुलटा केला.

"गाव म्हणतंय ते मी ऐकतेय," मुलगी म्हणाली. "माझे बाबा लाचखोर होते असं लोक माझ्या तोंडावर बोलतात. ते नंतर बघू. आधी मला एवढंच सांगा. फ्यूज त्यांच्या खिशात होता. म्हणजे घरात वीजच नव्हती. मग माझे बाबा विजेनं मेले कसे?"

फौजदारबाईंनी पेन खाली ठेवलं.

२

मास्तरांचं घर गल्लीच्या टोकाला. बैठं, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर. विजेचा मीटर आणि मेन पुढच्या ओट्यावर.

मास्तरांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणे, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातांकडे फौजदारबाईंचं लक्ष गेलं. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले. आयुष्यभर गार पाण्यात भांडी आणि धुणी केलेले हात.

"काकू, मास्तरांनी गिझर कधी घेतला?"

"दोन दिवस झाले होते. माझ्यासाठीच घेतला हो त्यांनी. माझे सांधे दुखतात म्हणून." काकू घाईनं बोलली, पाठ केल्यासारखं. "त्या संध्याकाळी म्हणाले, बघू तरी कसं पाणी तापतं ते. अंघोळीला म्हणून गेले. मी जरा शेजारी जाऊन बसले होते. आले तर सगळं घर अंधारात, आणि हे…"

मुलगी आईजवळ बसली, पण तिनं आईचा हात हातात घेतला नाही. "आई, बाबा असं काही घेणार नाहीत," ती हळू म्हणाली. काकूनं मान वळवली.

शेजारचा शिंपी दारात उभाच होता. गळ्यात टेप तसाच. "काकूंची किंकाळी ऐकून मीच पहिला धावलो, बाई. घरात काही दिसेना. पण त्यातल्या त्यात नशीब म्हणायचं, त्या दिवशी गल्लीतले दिवे लवकर लागले होते! नाहीतर आमचा तो वायरमन, माणसं अंधारात चार वेळा ठेचकाळल्याशिवाय तो खटका ओढत नाही. त्या दिवशी अजून पुरता उजेड असतानाच लागले. मग अंधार पडल्यावर त्याच दिव्यांच्या उजेडात मास्तरांना बाहेर ओट्यावर आणलं. मेनला फ्यूजच नव्हता, तो मी माझ्याकडचा आणून बसवला."

"मास्तर होते कसे? म्हणजे अंगावर कपडे…"

"सगळे. सदरा, धोतर, चष्मासुद्धा नाकावर. अंगावर पाण्याचा थेंब नाही. तसे न्हाणीत पडलेले."

फौजदारबाई न्हाणीघरात गेल्या. गिझर भिंतीवर होता. खाली कोरडी ठणठणीत बादली. गिझर धरून ठेवणाऱ्या चार स्क्रूंपैकी एक निघून खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेला, दुसरा अर्धवट फिरवलेला. खालचं झाकण उघडं, वायरीची टोकं दिसत होती. कोपऱ्यात मास्तरांचा टेस्टर पडला होता, तोच ज्यानं स्क्रूही फिरतो आणि वीजही कळते. वायर वरच्या झरोक्यातून बाहेर गेली होती. ओट्यावरच्या मेनकडे जायचा तोच जवळचा रस्ता.

म्हणजे अंघोळ वगैरे काही नाही. मास्तर गिझर काढत होते. काकू खोटं बोलत होती, आणि नवऱ्याच्या नावाला काळं लागेल असं खोटं. एखादी बाई असं का करेल? हे मनात ठेवून फौजदारबाईंनी कट्ट्यावरचा स्क्रू गुपचूप पर्समध्ये टाकला. याबद्दल त्या कुणाशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मग त्यांनी टेस्टर उचलला. भर दुपार होती. घरात वीज होती; बाहेरच्या खोलीतला पंखा गरगरत होता. त्यांनी जपून टेस्टरचं टोक गिझरच्या वायरीला लावलं.

टेस्टर पेटला नाही. पुन्हा लावला, दुसऱ्या टोकाला लावला, गिझरचं बटण खालीवर केलं. काही नाही. बाहेर जाऊन पंख्याच्या बटणाला लावला, तर लगेच लाल झाला.

घरातली वीज बंद असताना ज्या गिझरनं माणूस मारला, तो घरात वीज चालू असताना मेलेला होता.

३

ठेकेदार आपल्या ऑफिसात बसला होता. भिंतीवर नव्या दिव्यांची चित्रं, टेबलावर काच, काचेखाली नगरसेवकांबरोबरचे फोटो. त्यानं लपवालपवी केली नाही. उलट हसला.

"समितीतल्या सगळ्यांकडे गिझर आहेत, बाई. पण मी आजवर कुणा सदस्याच्या हातात साधी टाचणी दिलेली नाही. विचारा कुणालाही."

"मग भिंतीवर उगवले?"

"घरी जातात. सदस्य बाहेर असतात तेव्हा. 'वहिनींसाठी' म्हणून. आमच्याकडे रीतच ती. वर्षातून एकदा सगळ्या सदस्यांना शपथ घ्यावी लागते ना, की मी ठेकेदाराकडून काहीही स्वीकारलेलं नाही? घेतात. आणि कुणी खोटं बोलत नाही." तो पुन्हा हसला. "हातात घेतलेलंच नसतं."

"मास्तरांकडे पाठवायची हिंमत कशी झाली?"

ठेकेदाराचं हसू जरा ओसरलं. "मी नाही म्हणत होतो. सभापती म्हणाले, मतदानाच्या आत जाऊ दे. एकदा घरात गेला की मास्तर बोलणार कोणत्या तोंडानं? सभापतीणबाई स्वतः गेल्या होत्या काकूंना सांगायला. बसवायला आमचा वायरमन गेला. बाई, मी वस्तू दिली. माणूस मरावा म्हणून कुणी वस्तू देतं का?"

सभापती म्हणजे दिवाबत्ती समितीचे अध्यक्ष. मोठं घर, मोठी पोर्च, मोठं मन, असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांच्या बायकोनं फौजदारबाईंना बसवून घेतलं. बाई बोलकी, मनानं वाईट नव्हती.

"मीच गेले होते काकूंकडे. त्यांचे हात बघवत नाहीत हो. म्हटलं, सगळ्यांकडे आहे, तुम्हीच का हाल सोसायचे? आधी नको नको म्हणाल्या. मग म्हटलं, बिलसुद्धा येत नाही, तेव्हा…"

"बिल येत नाही?"

"आम्हाला तरी कधी वाढून आलेलं नाही. पण सुख म्हणावं तर तेही नाही, बरं का. पहाटे पाणी असं कढत येतं, की हात घालवत नाही. आणि उजाडलं रे उजाडलं की बर्फ! घरात सगळ्यांना काळोखात उठवून न्हाऊ घालते मी. उशिरा उठेल तो गारठेल. कंपनीच भिकार, दुसरं काय!"

तेवढ्यात सभापती आले. पांढरे कपडे, दुःखी चेहरा. खुर्चीत बसून त्यांनी लांब सुस्कारा सोडला.

"काय सांगू बाई. देवमाणूस होता. आमचे मतभेद होते, पण मनभेद नव्हते. मी तर म्हणतो, एक वस्तू भिंतीवर राहिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नशिबापुढे कुणाचं चालतं!"

"खरंय," फौजदारबाई म्हणाल्या.

"काकूंचं काय ते आम्ही बघू. मुलीला पालिकेच्या दवाखान्यात चिकटवून घेऊ. माझा शब्द आहे. फक्त हे प्रकरण उगाच चिघळू नये. गेलेल्या माणसाची अब्रू जाते हो." मग जरा पुढे झुकून, "तुमच्या क्वार्टरचं काय? ऐकलंय, तिथं पाणी फार गार. सांगून ठेवतो. तुमच्या हातात कुणी काही देणार नाही. तुम्ही ड्यूटीवर असताना बसेल."

फौजदारबाईंचे गुडघे थंडीत खरंच दुखायचे. पाण्याच्या पहिल्या तांब्याला त्या रोज दात आवळत. क्षणभर त्यांना कढत पाणी अंगावरून ओघळल्यासारखं वाटलं, आणि स्वतःचीच किळस आली. काकूला कसं वाटलं असेल हे त्यांना त्या खुर्चीत कळलं.

"चहा छान होता," त्या म्हणाल्या आणि उठल्या. पेला तसाच भरलेला होता.

फाटकाशी येईपर्यंत सभापतींचं एक वाक्य त्यांच्या कानात खड्यासारखं टोचत राहिलं. कुठं तरी काहीतरी चुकलं होतं. गाडीत बसताना ते सापडलं, आणि त्यांनी गाडी ठाण्याऐवजी मास्तरांच्या गल्लीकडे वळवायला सांगितली.

४

दिवस कलला होता. फौजदारबाईंनी ओट्यावरचा मेन बंद केला, फ्यूज उपसला आणि स्वतःच्या खिशात घातला. घरातला पंखा थांबला.

"हे काय करताय?" मुलीनं विचारलं.

"तुझ्या बाबांनी केलं तेच."

न्हाणीघरात जाऊन त्यांनी टेस्टर वायरीला लावला. नाही पेटला. मास्तरांनीही असाच लावून पाहिला असणार. विज्ञानाचा शिक्षक, फ्यूज खिशात घातला तरी टेस्टर लावल्याशिवाय हात लावणार नाही. वीज नाही याची खात्री करून त्यांनी पहिला स्क्रू काढला, कट्ट्यावर ठेवला, दुसऱ्याला हात घातला.

"आता थांबायचं," फौजदारबाई म्हणाल्या.

तिघीजणी अंधारत चाललेल्या न्हाणीत उभ्या राहिल्या. काकू दाराच्या चौकटीला धरून होती. बाहेर कुणी सायकल घेऊन गेलं. शिंप्याच्या घरात शिवणयंत्र चालू होतं. उजेड इतका कमी झाला की एकमेकींचे चेहरे दिसेनात. वायरमन नेहमीप्रमाणे उशीरच करत होता.

मग झरोक्यातून पिवळट उजेडाची एक तिरीप आत आली. गल्लीतला दिवा लागला होता. आणि त्याच क्षणी फौजदारबाईंच्या हातातला टेस्टर लाल झाला.

मुलगी किंचाळली. काकू उंबऱ्यावर बसली.

"ही वायर तुमच्या मेनला गेलेलीच नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "झरोक्यातून बाहेर, आणि तिथून रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर. म्हणून बिल येत नाही. म्हणून सगळ्या सदस्यांच्या घरी पहाटे पाणी कढत आणि उजाडलं की गार. दिवसा रस्त्याच्या तारेत वीजच नसते. आणि म्हणून तुमच्या गल्लीचे दिवे मिणमिणतात. गावाच्या दिव्यांवर सगळी समिती अंघोळ करते! मास्तर ज्याचं उत्तर वर्षभर मागत होते, ते त्यांच्याच न्हाणीत आणून टांगलं होतं."

काकूच्या तोंडून शब्द बाहेर पडले, अगदी बारीक.

"मीच घेतला गं. त्यांनी नाही."

मुलगी आईकडे बघत राहिली.

"ते बाहेर होते. सभापतीणबाई आल्या, आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं. दोन दिवस झाकून ठेवलं. ते न्हायचे गारच, मागच्या अंगणातल्या नळावर, त्यांना कळलंही नसतं. पण त्या दिवशी बादली ठेवायला म्हणून आत आले आणि बघितलं." काकूनं सुजलेली बोटं एकमेकांत गुंतवली. "ओरडले असते तर बरं झालं असतं. पण माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, चूक माझी आहे. इतकी वर्षं तुला गार पाण्यात ठेवलं. पुढच्या पेन्शनीत आपण आपला गिझर आणू. पण हा उद्या सभेच्या टेबलावर जाईल. मी म्हटलं, मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. भांडले, आणि रागानं शेजारी जाऊन बसले. तेच शेवटचं."

"मग अंघोळीचं खोटं का सांगितलंस?" मुलीचा आवाज फाटला. "लोक त्यांना काय काय बोलले, आई!"

"ते गेले होते. त्यांना कुणाचं बोलणं लागणार नव्हतं. मला लागणार होतं. मी भ्याले."

फौजदारबाई काकूसमोर जमिनीवर बसल्या. "काकू, एक आठवून सांगा. गिझर सभेत नेणार हे ते आणखी कुणाला बोलले?"

"नाव नाही घेतलं. एवढंच म्हणाले, पाठीत वार करायची आपली रीत नाही, ज्याला सांगायला हवं त्याला आधी सांगतो. फोनकडे गेले तेव्हा मी बाहेर पडले."

"झालं तर," फौजदारबाई म्हणाल्या. "हा अपघात नाही."

५

मास्तरांच्या शोकसभेला पालिकेचं सभागृह भरलं होतं. हार घातलेला फोटो, दोन मिनिटं उभं राहणं, सगळं झालं. सभापती बोलायला उठणार, तेवढ्यात फौजदारबाई पुढे आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एक फ्यूज आणि एक स्क्रू.

मास्तर अंघोळीला गेले नव्हते, गिझर परत करायला काढत होते, आणि तो रस्त्याच्या दिव्याच्या तारेला जोडलेला होता, हे त्यांनी सरळ सांगितलं. सभागृहात कुजबूज उठली. समितीतले सदस्य एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"भयंकर!" सभापती म्हणाले. "वायरमनचा हा निष्काळजीपणा…"

"वायरमननं जोडलं. तुमच्याच घरी जसं जोडलं, तसं. पण मारलं कुणी, ते वेगळं." फौजदारबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "सभापती, तुम्ही मला तुमच्या बैठकीत म्हणालात, एक वस्तू भिंतीवर राहिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं."

"म्हणालो असेन. मग?"

"त्या दिवशी सगळं गाव काय म्हणत होतं? मास्तर त्या गिझरनं अंघोळ करायला गेले. काकूंनीही तेच सांगितलं होतं. अंघोळ करणारा माणूस वस्तू भिंतीवरून काढत नसतो. ती काढली जात होती, हे दोघींना ठाऊक होतं. काकूंना, आणि स्क्रू सापडला म्हणून मला. आम्ही दोघीही कुणाला बोललो नव्हतो. मग तुम्हाला कुठून कळलं?"

सभापतींनी रुमाल काढला.

"मी सांगते. मास्तर पाठीत वार करणारे नव्हते. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्यालाच त्यांनी आधी फोन केला. उद्या हा टेबलावर येतोय. आत्ता मेन बंद करून काढायला बसतोय, म्हणाले असतील. तुम्हाला माहीत होतं, मेन बंद करून उपयोग नाही. तुमच्या घरी तीच वायर आहे. 'मास्तर, हात लावू नका,' एवढंच म्हणायचं होतं तुम्ही. पण ते म्हटलं असतं तर चोरी कबूल झाली असती."

"मी गप्प राहिलो असेन! गप्प राहणं गुन्हा आहे?" सभापतींचा आवाज चढला. "मला काय माहीत दिवे कधी लागतात!"

"गप्प कुठं राहिलात? तुम्ही आणखी एक फोन केलात." फौजदारबाई मागच्या रांगेकडे वळल्या. "रोज उशीर करणाऱ्या माणसानं नेमक्या त्याच संध्याकाळी, उजेड असताना मास्तरांच्या गल्लीचे दिवे का लावले?"

वायरमन उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"साहेबांनी फोन केला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता दिवे लाव, मास्तरांच्या गल्लीपासून सुरुवात कर. मला वाटलं, मास्तर सारखी तक्रार करतात म्हणून." त्याला हुंदका आला. "मी मास्तरांचा विद्यार्थी होतो, बाई. खटका माझ्या हातानं ओढला. मला कुणी सांगितलं असतं तर मी हात तोडून घेतला असता."



"मला वाटलं, झटका बसेल," सभापती पुटपुटले. "झटका बसला की सोडून देतील. माणूस मरेल असं नव्हतं वाटलं."

मग ते सावरले. राजकारणात मुरलेला माणूस. सभागृहाकडे वळून त्यांनी आवाज लावला, "पण एक विचारतो! गिझर मास्तरांच्या घरात गेला होता की नाही? दोन दिवस होता की नाही? आज परत करत होते म्हणता, काल घेतला कुणी? शपथ तर त्यांनीही घेतली होती. मेलेल्या माणसाला देव करून आम्हालाच फाशी देणार?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "हे मात्र खरं." सगळं पुन्हा तिथंच येऊन ठेपणार होतं. मुलीनं ओठ घट्ट चावला. फौजदारबाईंना उत्तर माहीत होतं, पण ते द्यायचा अधिकार त्यांचा नव्हता.

काकू उठली. आयुष्यात ती कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. तिनं दोन्ही हात वर केले, बोटं सगळ्यांना दिसतील असे.

"मी घेतला," ती म्हणाली. "त्यांच्या पाठीमागं. ह्या हातांनी. त्यांनी नाही. त्यांना कळलं त्याच दिवशी ते काढायला बसले, आणि मेले. मी खोटं बोलले तुम्हा सगळ्यांशी. आता ज्याला जे म्हणायचं ते मला म्हणा." मग सभापतींच्या बायकोकडे वळून, "वहिनी, तुमच्याकडेही 'वहिनींसाठी' म्हणूनच आला होता ना?"

सभापतीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

६

सभापतींना त्याच दुपारी नेलं, ठेकेदाराला त्यांच्या मागोमाग. वायरमननं सगळ्या सदस्यांच्या घरच्या वायरी स्वतःच्या हातानं तोडल्या. एकाही घरातून कुणी त्याला अडवायला बाहेर आलं नाही. खिडक्या मात्र सगळ्या लागलेल्या होत्या.

संध्याकाळी फौजदारबाई काकूचा जबाब पुरा करायला गेल्या. मुलगी ओट्यावर बसली होती. आईशी ती आता बोलत होती, पण मोजकंच. ते भरून यायला वेळ लागणार होता, आणि कदाचित पूर्ण भरणारही नव्हतं.

दिवे लागले. शिंपी दारात येऊन वर बघतच राहिला. गल्ली लखलखत होती. भिंतीवरचे पोपडे, गटाराची कड, ओट्यावरच्या फटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. मास्तरांनी वर्षभर जे मागितलं ते आज मिळालं होतं.

काकूनं त्या उजेडात फौजदारबाईंचा हात धरला. तिची बोटं गार होती.

"बाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"मी त्या दिवशी सभापतीणबाईंना नको म्हटलं असतं, तर हे आज असते ना?"

फौजदारबाईंनी वाटेत ठरवलं होतं, की हा प्रश्न आला तर काहीतरी गोड बोलायचं. मारणारा दुसराच होता, तुमचा काय दोष, असलं काहीतरी. ते खोटंही नव्हतं. पण या घरात कुणी कुणाला गोड बोलून फसवलेलं मास्तरांना आवडलं नसतं, असं त्यांना वाटलं.

"हो काकू," त्या म्हणाल्या. "असते."

काकूनं मान हलवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, न्हाणीत गेली आणि नळाखाली बादली लावली. भिंतीवर चार भोकं तेवढी उरली होती. मुलगी आत जाऊन म्हणाली, "आई, चुलीवर पाणी ठेवते."

"राहू दे," काकू म्हणाली. आणि गार पाण्याचा पहिला तांब्या तिनं डोक्यावर ओतून घेतला.